प्याल्यात उरलेले

नेरुळ, ९ फेब्रुवारी १९९७

चि. जाई हिस,
प्रभूत सलाम.

तुझे पत्र पोहोचले. दोन वर्षांतले हे पहिलेच. त्यात प्रकृतीची चौकशी एका ओळीची आणि मागणी दीड पानाची आहे. ही तक्रार नव्हे; लवकर मुद्द्यावर यावे हे मीच तुला शिकवले.

तुझी मागणी मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमजाला जागा राहणार नाही. नावड्याच्या ज्या घरात तू आणि तुझ्या दोन मैत्रिणी रुग्ण सांभाळता, ते घर मालकाने मार्चअखेर रिकामे करायला सांगितले आहे. इतर रुग्णांची सोय झाली. जयदेव नावाच्या टेम्पोचालकाची झाली नाही. त्याचा सख्खा भाऊही त्याला दारात उभा करत नाही. तुम्हांला दुसरी जागा मिळेपर्यंत त्याला मी माझ्या घरातली मागची खोली द्यावी. रोगाचे नाव लिहायला मी कचरेन असे तू गृहीत धरले आहेस, म्हणून लिहितो: एड्स.

माझे उत्तर नकाराचे आहे. कारणे देतो.

देवावर भाव ठेवणे ही एक गोष्ट आणि देवाची परीक्षा पाहणे ही दुसरी. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे प्रभूला सुचवणारा कोण होता हे तुला ठाऊक आहे. त्या सैतानालाही शास्त्र पाठ होते. पायऱ्या असताना उडी मारणे म्हणजे विश्वास नव्हे. मोठ्या रुग्णालयातली कायम नोकरी सोडून तू हे घर काढलेस तेव्हा मी हेच म्हणालो होतो. त्यावर तू म्हणालीस, "पप्पा, जिथं पायऱ्या संपतात तिथपर्यंत तुम्ही कधी गेलाच नाहीत." वाक्य चांगले होते. युक्तिवाद नव्हता.

दुसरे, मी एकटा राहत नाही. वर-खाली कुटुंबे आहेत, त्यांत लहान मुले आहेत, आणि सोसायटीचे सेक्रेटरी मानसिंगराव यांना आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या लोकांचे येणेजाणे आधीच खुपते. तिसरे, तुझ्या आईचे वय.

तुझी आई दर गुरुवारी डोळे तपासायला जाते. जाताना चार पुडांचा डबा नेते. डोळ्यांच्या दवाखान्यात इतके जेवण कशाला लागते, हे मी विचारत नाही.

घर सोडेपर्यंत त्या निळ्या फाटकाची कडी तेवढी नीट बसवून घ्या. ती वाऱ्यानेही निघते.

तुझे वडील,
दि. सि. आढाव

नेरुळ, १७ फेब्रुवारी १९९७

चि. जाई हिस,
सलाम.

निळे फाटक मला कसे ठाऊक, असे तू विचारतेस. पनवेलला काम होते. बस त्याच रस्त्याने जाते. पुढच्या मुद्द्याकडे वळू.

काल जुईनगरच्या शाळेतल्या हॉलमध्ये उपासनेला तुझा जयदेव आला. तू पाठवलेस की तो आपणहून आला, ते कळव. मागच्या रांगेत बसला. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटावा इतका सैल. गीताला मात्र त्याने असा आवाज लावला की पुढच्या बाया वळून बघू लागल्या. प्रार्थनेसाठी विनंत्या विचारल्या तेव्हा तो उठला.

"माझं नाव जयदेव. बाप्तिस्मा जालन्याचा. मधली वर्षं रोडवर गेली, ती देवाला माहीत हायेत, तुमाला सांगत बसत नाही. मला एड्स झालाय. प्रार्थना करा. आणि टेन्शन घेऊ नका, मी टाळ्या लांबूनच वाजवतो."

यशोदाबाईंनी शेजारच्या मुलाला मांडीवर ओढून घेतले.

उपासनेनंतर पंचांची बैठक झाली. तुला आठवत असेल, आपल्या मंडळीत प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला असतो आणि सर्व त्यालाच ओठ लावतात. पहिल्या रविवारी पाळकसाहेब पनवेलहून येतात, भाकर ते देतात, आणि वडीलकीच्या नात्याने प्याला मी देतो. दोन मार्चचे प्रभुभोजन आता सर्वांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. यशोदाबाई म्हणाल्या, "मी काही त्याच्यामागून प्यायची नाही. सरळ सांगते. मला नातवंडं आहेत." सयाजीराव लोंढे म्हणाले, "मग छोटे छोटे ग्लास आणू. मुंबईत चालतात." मी त्याला विरोध केला. प्रभूने आपल्या शिष्यांना एक प्याला दिला. माझ्या आजोबांच्या खेड्यात ज्यांनी तो एकत्र ओठाला लावला, त्यांना गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नव्हते. तो प्याला आपण भीतीपोटी तोडून त्याच्या वाट्या करायच्या, हे मला मान्य नव्हते.

मी तेथेच ठराव लिहिला: ज्या सभासदांची प्रकृती बरी नाही, त्यांनी प्रभुभोजनास सर्वांच्या शेवटी यावे. कोणाचे नाव नाही, कोणाचा अपमान नाही, कोणाला मनाई नाही. प्याला एकच राहतो आणि त्याच्यामागून कोणालाही प्यावे लागत नाही. ठराव एकमताने झाला. यशोदाबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही नसता तर आज आमची जुंपली असती."

तू यावर चिडशील. परंतु चिडण्यापूर्वी यात दोष कोठे आहे ते दाखव.

दि. सि. आढाव

नेरुळ, २४ फेब्रुवारी १९९७

चि. जाई,
सलाम.

तुझे पत्र यायच्या आत दोष सापडला. मला नव्हे, तुझ्या आईला.

ती मेथी निवडत होती. मी ठराव वाचून दाखवला. एक जुडी संपवून म्हणाली, "आणि उरलेलं कोण पितं?"

मी म्हणालो, "कसले उरलेले?"

"अहो, प्याल्यातलं. सांडायचं नसतं ना ते? देणाऱ्यानं संपवायचं असतं. देणारे तुम्हीच ना?"

पस्तीस वर्षे मुलांना तर्कशास्त्र शिकवले. ज्या व्याख्येतून एखादे उदाहरण सुटून जाते, तिच्यात अव्याप्तीचा दोष आहे असे फळ्यावर लिहून दिले. 'सर्वांच्या शेवटी' असे लिहिताना मी सर्वांत स्वतःला धरलेच नाही. सर्व पितात; मी देतो. मंडळी सुरू झाल्यापासून शेवटचा घोट माझाच असताना, शेवटच्या माणसानंतर कोणी नाही असा ठराव मी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि बैठकीत बसलेल्या एकाच्याही ते लक्षात आले नाही.

निदान असे मी मानत होतो. काल सयाजीरावांना म्हणालो, "या वेळी प्याला तुम्ही द्या. मला थोडे पडसे आहे."

ते हसले. "सर, पडसं अजून आठ दिवसांनी व्हायचंय काय? ठराव वाचल्याबरोबर मला कळलं होतं. म्हटलं, वडीलमाणूस आहे, विचार करूनच लिहिलं असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर प्याला माझ्याकडं आला असता."

तुझ्या आईच्या डब्यातून तू पाठवलेली ती पुस्तिका मी दोनदा वाचली. हा रोग प्याल्याने, ताटाने, स्पर्शाने होत नाही, हे तिच्यात पुराव्यानिशी आहे. मला त्यात आक्षेपार्ह काही आढळले नाही. निष्कर्ष मान्य आहे. घशाला मान्य नाही.

मी उष्टे खात-पीत नाही, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तू चाखून दिलेला आंबाही मी कडेने कापून घेत असे. महिन्यातून एकदा साऱ्या मंडळीचा उरलेला घोट मात्र मी बिनदिक्कत घेत आलो, आणि त्याला मी श्रद्धा समजत होतो. आता वाटते, ती माणसे आपली होती, म्हणून ते उष्टे वाटले नाही. एवढेच त्यात होते काय?

याचे उत्तर लिहू नकोस.

आज मानसिंगराव जिन्यात भेटले. तुझी मागणी त्यांच्या कानांवर कशी गेली देव जाणे. "सर, एक ऐकलं. तुमच्याकडं कोणी पेशंट यायचा आहे म्हणे?" मी सांगितले की मी नकार दिला आहे. "बरं केलंत. शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही." इतके दिवस ज्या नकारावर मी ठाम होतो, तो त्यांच्या तोंडून ऐकताना मला आवडला नाही.

येत्या रविवारी काय करीन, मला ठाऊक नाही. हे वाक्य मी पूर्वी कधी लिहिल्याचे स्मरत नाही.

दि. आढाव

नेरुळ, ३ मार्च १९९७

जाई,

कालचे जे झाले ते मी क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मी स्वतःची बाजू मांडू लागेन.

सकाळी पडसे झाले नाही. हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता; लोक प्रभुभोजनाला आले होते की आता काय घडते ते पाहायला, हे मी सांगू शकत नाही. जयदेव मागच्या रांगेत होता. ठराव वाचून दाखवला तेव्हा त्याने मान डोलावली, जणू कोणी त्याला रस्ता समजावून सांगत होते.

पाळकसाहेबांनी भाकर दिली. मी प्याला घेऊन उभा राहिलो. एकेक जण आला. ओठ लागले की मी रुमालाने कड पुसत होतो, प्याला थोडा फिरवत होतो, नेहमीप्रमाणे. यशोदाबाईंनी घोट घेऊन डोळे मिटले. सयाजीराव माझ्या डोळ्यांत न बघता प्यायले. तुझी आई आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि कधी नव्हे ते प्याला धरलेल्या माझ्या हातावर बोटे टेकवली.

मग तो आला. प्याल्यात बरेच उरले होते; पुष्कळांनी घाईत जेमतेम ओठ भिजवले असावेत. मी आत पाहिले. मी प्रार्थना करीत नव्हतो. तीन की चार घोट होतील, एका दमात घेतले तर चव लागणार नाही, असा विचार मी करीत होतो. हे मी तुलाच सांगतो.

त्याने दोन्ही हातांनी प्याला घेतला. एकदा माझ्या तोंडाकडे पाहिले. मग डोके मागे टाकून प्याला उलटा केला आणि सगळे पिऊन टाकले. तळाला राहिलेला थेंबही त्याने वाट पाहून जिभेवर घेतला. रिकामा प्याला माझ्या हातात दिला आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "सर, क्लिअर. तुमाला काय ठेवलं नाही."

सुटलो, असे वाटले. त्या रोगाने मरू घातलेल्या माणसाने माझ्यावर दया केली होती आणि ती मी घेतली. मी मेजाकडे वळलो, मग मंडळीकडे तोंड करून रिकाम्या प्याल्यावर पांढरा कपडा घातला. तो मंडळीला पाठमोरा होता; सर्वांना वाटले, मी नेहमीप्रमाणे संपवले. बाहेर यशोदाबाई माझे हात धरून म्हणाल्या, "सर, काय विश्वास हो तुमचा!"

मी त्यांना खरे सांगितले नाही.

घरी आल्यावर दारात चपला काढताना तुझी आई म्हणाली, "त्यानं तुम्हाला पायरी दिली. उतरलात."

दि.

नेरुळ, १३ मार्च १९९७

जाई,

आज गुरुवार. तुझ्या आईबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात मीही गेलो. ती बसमध्ये म्हणाली, "तुमचेही डोळे आले वाटतं." तू जागा पाहायला पनवेलला गेली होतीस, म्हणून भेट झाली नाही. ते ठाऊक होते म्हणूनच आलो, असे तू म्हणशील. खरे आहे.

फाटकाची कडी बसवली आहे. मागच्या वेळी मी त्या फाटकाबाहेर उभा राहून परत गेलो होतो. पनवेलला काही काम नव्हते.

जयदेव खाटेवर बसून लसूण सोलत होता. मला पाहून उठायला गेला, मी नको म्हणालो. मी सरळ विचारले, "सगळे का प्यायलास?"

"तहान लागली होती सर."

"जयदेव."

"तुमचं तोंड बघितलं ना. टेम्पो उलटायच्या आधी क्लीनरचं तोंड होतं तसं." मग लसूण सोलता सोलता म्हणाला, "मला वाटलं, ह्या माणसानं पिलं तर आठवडाभर जेवायचा नाही. आणि नाही पिलं तर लोकांपुढं जन्माची मान खाली जाईल. मग म्हटलं, आपणच संपवू. आपल्याला काय, आपण तर आधीच फुल."

तुझी आई हसली. मला हसता आले नाही. मी त्याला म्हणालो की त्याने केले ते प्रेमाने केले, पण त्यामुळे मला जे करायचे होते ते राहून गेले.

तो म्हणाला, "करणार होता का?"

या प्रश्नाला हो म्हणायला आधार नाही आणि नाही म्हणायला धीर नाही. आजवर मी समजत होतो की आधी खात्री होते, मग माणूस पाऊल टाकतो. पाण्यावरून चालत प्रभूकडे जायला पेत्र नावेतून उतरला, तो पाण्याची परीक्षा घेऊन उतरला नव्हता. तो बुडू लागला हेही शास्त्रात आहे; त्या भागावर मी नेहमी जास्त वेळ प्रवचन केले. हात कोणाचा पुढे आला होता, त्यावर कमी.

आता रोखठोक लिहितो. मागच्या खोलीतली पुस्तके काढली आहेत. खिडकी पूर्वेला आहे, संडास लागून आहे, खाट तुझीच. महिनाअखेरची वाट पाहू नका. मला भीती वाटते, आणि ती जाईपर्यंत थांबलो तर त्याचे आयुष्य पुरायचे नाही.

माझ्या पहिल्या पत्रातली सर्व कारणे अजून बरोबर आहेत. एकाचेही खंडन मला करता आलेले नाही.

दि.

नेरुळ, ७ एप्रिल १९९७

प्रिय जाई,

त्या दिवशी तू रिक्षा कोपऱ्यावर थांबवून जयदेवला आईच्या हाती दिलेस आणि वर न येता गेलीस. मी गॅलरीत होतो. हाक मारायला तोंड उघडले होते. मानसिंगराव खाली उभे होते म्हणून मारली नाही, असे लिहिणार होतो, पण ते कारण नाही. तू वर पाहशील याची वाट पाहत होतो.

इकडची हकीकत. मानसिंगराव दुसऱ्याच दिवशी आले, दारातच उभे राहिले. "सर, जनरल बॉडीत विषय घेणार. पोरंबाळं आहेत बिल्डिंगमध्ये. लोक म्हणतात, पाणी तोडा."

मी म्हणालो, "मानसिंगराव, तुमच्या प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडे उत्तर आहे. आज देत नाही. आत या, चहा घ्या, त्याला एकदा बघा."

"चहा नको."

आतून जयदेव ओरडला, "साहेब, चहा सर करतात. मला किचनमध्ये एन्ट्री नाही, भजी जाळतो म्हणून!" मानसिंगरावांच्या ओठांची कड हलली, पण ते गेले. येत्या रविवारी सभा आहे. काय ठरेल, सांगता येत नाही. पाणी तोडले तर तुझी आई म्हणते, तिला मासळी आणून देणारी सारसोळे गावची येसूबाई पाण्याचीही सोय करील. पाहू.

पहिले काही दिवस मी त्याचे ताट वेगळे ठेवले. तुझ्या आईने ते पाहिले आणि माझेही ताट त्याच्याजवळच ठेवले. आता कोणते कोणाचे ते मला ओळखू येत नाही.

काल प्रभुभोजन होते. उपासनेच्या आधी पंचांपुढे मी माझा ठराव मागे घेतला आणि मागच्या महिन्यात प्याला कोणी संपवला तेही सांगितले. सयाजीराव खाली पाहत राहिले. यशोदाबाई म्हणाल्या, "मग सर, इतके दिवस आम्ही तुमचं कौतुक केलं ते?" मी म्हणालो, "ते जयदेवला पोचवा." त्या उठून गेल्या. परत आल्या नाहीत. मंडळी फुटेल की टिकेल, तेही मला ठाऊक नाही.

जयदेवला जिना उतरवत नव्हता. ताप आहे, आणि तुला माहीत आहे तसा आवाज आता उरला नाही. म्हणून संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. खाटेभोवती आम्ही तिघे आणि तो. भाकर झाली. पाळकसाहेबांनी घोट घेऊन प्याला माझ्या हाती दिला. मी तो आधी तुझ्या आईला दिला, मग त्याला. ठरावाने नव्हे, खाट भिंतीशी होती, क्रमच तसा आला.

त्याला प्याला पेलत नव्हता, म्हणून तळाशी मी हात धरला. तो प्यायला. थांबला. माझ्याकडे पाहिले आणि डोके मागे टाकू लागला. त्याचा विचार मला कळला.

मी म्हणालो, "जयदेव, थोडे ठेव."

"नक्की का, सर?"

"नक्की नाही. ठेव."

त्याने ठेवले.

पुढच्या गुरुवारी आई दवाखान्यात जाणार नाही. तू ये. वर ये.

पप्पा